ड्रायव्हरची उजवी बाजू

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बोटींच्या शेडमध्ये ड्रायव्हर पिवळी कयाक पालथी घालून तिचं बूच तपासत होते. बूच म्हणजे अंगठ्याएवढा रबरी तुकडा. तो सैल राहिला तर कयाकच्या पोटात थेंबाथेंबाने पाणी भरतं आणि तासाभराने बोट अंग टाकल्यासारखी चालते. बाकीचे लोक बूच नुसतं दाबून बघतात. ड्रायव्हर ते काढायचे, रुमालाने पुसायचे आणि परत बसवायचे. सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेल्या माणसाची ही सवय. गाडी हातात घेण्याआधी टायरला लाथ मारून बघायची. कयाकला टायर नाहीत, म्हणून बूच.

तलावावर सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणतात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी नाव सुटलेलं नाही. त्यांचं काम म्हणजे उघड्या पाण्यात पोहणाऱ्याच्या बाजूने कयाक वल्हवत न्यायची. इथल्या भाषेत याला ‘सोबत करणं’ म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण तलावात पोहणाऱ्याला फार थोडं दिसतं. तोंड पाण्यात, डोळ्यांवर चष्मा, आणि श्वास घ्यायला मान वळली की एका बाजूचं ओंजळभर जग. त्यामुळे तो किनारा बघत नाही, कयाक बघतो. कयाक जाईल तिकडे तो जातो. कयाक भरकटली तर तोही भरकटतो आणि त्याला पत्ता लागत नाही. समोरून काही आलं तर सोबत करणाऱ्याने शिट्टी वाजवायची, तहान लागली तर दोरी बांधलेली बाटली टाकायची, आणि बाकी वेळ नजर हलू द्यायची नाही.

लोक लांबून येऊन ज्या तलावाचे फोटो काढतात, तीन बाजूंना डोंगर, पाण्यात त्यांचं उलटं चित्र, हॉटेलांच्या पांढऱ्या गॅलऱ्या, तो तलाव सोबत करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येते एक नारिंगी टोपी. ड्रायव्हरना याचं विशेष काही वाटत नसे. बस चालवतानाही तलाव जाताना एका खिडकीत आणि येताना दुसऱ्या खिडकीत असायचा, पण रस्ता वळणांचा. प्रवासी ‘वा वा’ करायचे, आणि हे पुढच्या ट्रकचे मागचे दिवे बघायचे.

ती नारिंगी टोपी त्यांच्या मेहुणीची, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीची. वय पन्नाशीच्या आतबाहेर. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली आहे, तिथे ती पडदे शिवते. हॉटेलांचे लांबलचक पडदे मशीनवर ओढून ओढून तिची पाठ धरली. डॉक्टरांनी सांगितलं, पोहा. ती आधी पोहायच्या टाकीवर गेली. टाकीत दर मिनिटाला भिंत येते म्हणून वैतागली आणि तलावावर आली. तलावावर नियम असा की किनाऱ्यापासून दूर जायचं तर सोबत पाहिजे.

तेव्हा ड्रायव्हरना निवृत्त होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. घरात त्यांचं काय चाललं होतं, ते त्यांची बायको शेजारणीला सांगायची. “बस गेली तर आता मला चालवायला लागलेत. मी भाजी चिरते तर मागे उभे राहून म्हणतात, सावकाश, पुढे वळण आहे.”

बहिणीची ही तक्रार ऐकून मेहुणीने एका रविवारी विचारलं होतं, “भावोजी, तुम्हाला बोट चालवता येते?”

“बस येते.”

“मग झालं. पाण्यात ट्रॅफिकही कमी.”

सुरुवातीला कयाक गोल गोल फिरायची. धक्क्यावरचे लोक विचारायचे, ड्रायव्हर, शेवटचा स्टॉप कुठला? महिनाभराने ती सरळ चालायला लागली. त्या उन्हाळ्यापासून आठवड्यातले चार दिवस सकाळी हे दोघं पाण्यात. हळूहळू इतर पोहणारेही त्यांनाच मागायला लागले, कारण ड्रायव्हर बोलत नाहीत, घाई करत नाहीत आणि अंतर राखतात. वल्हं लागणार नाही इतकं लांब आणि हाक ऐकू येईल इतकं जवळ. बसमध्ये चाळीस माणसं त्यांच्या भरवशावर बसायची, पण ती माणसं पेपर वाचत असत, झोपत असत, उतरताना त्यांच्याकडे बघतही नसत. इथे एकच माणूस, आणि ते दर श्वासाला त्यांच्याकडे बघणार. याची सवय लागते. तशी ती त्यांना लागली होती.

यंदा मेहुणीने ‘आरपार’साठी नाव दिलं होतं. हंगामाच्या शेवटी तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहायचं, त्याला आरपार म्हणतात. प्रत्येकाने आपापली सोबत आणायची. मेहुणीने विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिने परस्पर सांगून टाकलं होतं, “माझे भावोजी.”

तिला जे माहीत नव्हतं ते असं.

मागच्या हिवाळ्यात ड्रायव्हर वाचायचा चष्मा करायला दुकानात गेले. दुकानातल्या बाईने त्यांना एका यंत्रासमोर बसवलं, हातात बटण दिलं आणि म्हणाली, ठिपका चमकला की दाबा. डाव्या डोळ्याच्या वेळी बटण टकटक वाजत होतं. उजव्या डोळ्याच्या वेळी ड्रायव्हर ठिपक्याची वाट बघत बसले. बराच वेळ ठिपका आला नाही, तेव्हा त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. बाईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

काचबिंदू. उजव्या डोळ्याला समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण कडेची नजर गेली होती. ती कधी गेली हे त्यांनाही सांगता आलं नाही. दुखलं नाही, खुपलं नाही. गेलेली परत येणार नव्हती. राहिलेली राहावी म्हणून रोज रात्री थेंब घालायचे होते. डॉक्टरांनी विचारलं, गाडी चालवता का? ड्रायव्हर म्हणाले, निवृत्त झालो. हे खरंच होतं. बोटीचं डॉक्टरांनी विचारलं नाही.

नोकरीत दर वर्षी डोळे तपासून घ्यावे लागत. तलावावर कोणी तपासत नाही. पण तिथलं सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाई, पूर्वी शाळेत व्यायाम शिकवायच्या, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात: दोन्ही बाजूंचं धड दिसत असेल आणि शिट्टी वाजवता येत असेल तरच या जागेवर बसा. डोळ्याचं सांगितलं की कयाक गेली. एवढा सरळ हिशेब होता आणि तो ड्रायव्हरनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच केला. पायऱ्यांचा कठडा उजवीकडे होता. तो त्यांच्या हाताला लागला तेव्हा कळला.

वसंतात पाणी पोहण्याजोगं झालं तेव्हा अडचण समोर आली. मेहुणी डावीकडे मान वळवून श्वास घ्यायची. म्हणजे कयाक तिच्या डाव्या हाताला, आणि ती ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. नेमकी जी बाजू गेली होती तिथे. पहिल्या दिवशी नारिंगी टोपी दिसण्यासाठी त्यांना सारखी पूर्ण मान वळवावी लागली. परतताना मानेला लचक भरली आणि मनात एक निर्णय पक्का झाला.

“उद्यापासून मी तुझ्या उजवीकडून येतो,” धक्क्यावर ते म्हणाले.

“का?”

“जाताना किनारा डावीकडे आहे. उजवीकडे उघडं पाणी. वारा, लाटा, फेरीबोट, काय यायचं ते आधी माझ्या अंगावर येऊ दे.”

“पण मी श्वास डावीकडे घेते.”

“मग उजवीकडे घ्यायला शीक.”

“चार वर्षांनी? भावोजी, मशीन उलटं फिरवायला सांगताय तुम्ही.”

“आरपारला वारा उजवीकडूनच असतो. आत्ता शिकलीस तर तेव्हा उपयोगी पडेल.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच ते खोटं पचलं. मेहुणीने दोन दिवस विचार केला आणि शिकायला घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की परतताना तर किनारा तुमच्या बाजूला येतो, मग तेव्हा का नाही बदलायची बाजू? ड्रायव्हर म्हणाले, रोज बाजू बदललीस तर मान गोंधळेल. तेही पटण्यासारखं होतं.

दोन महिने तिने पाणी गिळलं. उजवीकडे तोंड वळलं की डावा पाय वाकडा मारायचा, हात उशिरा यायचा, लय तुटायची. संध्याकाळी ती बहिणीकडे येऊन मान चोळून घ्यायची.

“अर्धा तलाव प्यायले मी, ताई. तुझा नवरा म्हणतो वाऱ्यासाठी.”

“त्यांचं ऐकू नकोस,” बहीण म्हणायची. “बसमध्ये खिडकी उघडायची का लावायची यावरून लोकांशी भांडायचे. वाऱ्याचं त्यांना पहिल्यापासून आहे.”

ड्रायव्हर बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेले असत. पेपर सरळ समोर असला की सगळा दिसत असे.

दरम्यान त्यांनी सायकलचा एक गोल आरसा आणून कयाकच्या उजव्या काठावर पट्टीने बसवला. शेडमध्ये सगळे हसले. “आता हॉर्नही लावा,” दातांची डॉक्टर म्हणाली. ती तलावावर पोहते आणि वेळ असेल तेव्हा सोबतही करते. ड्रायव्हरही हसले. आरशात मागचं दिसत होतं. समोरचं डोळ्यांना दिसत होतं. या दोघांच्या मधे उजव्या हाताला एक लांबट फट राहत होती आणि तिच्यात ना डोळा पोहोचत होता ना आरसा. तिच्यासाठी ते अधूनमधून मान वळवत. बरेचदा वळवत. पण सोबत करणाऱ्याची नजर टोपीकडे ओढली जाते, कारण चार वर्षं तिला तेच शिकवलेलं असतं.

त्या दिवशी, बूच बसवून, साडेसहाच्या सुमाराला ते दोघं निघाले. आरपारला दोन आठवडे होते. धुकं नव्हतं, वारा नव्हता, पाणी काचेसारखं. मेहुणी छान पोहत होती. उजवीकडचा श्वास आता तिच्या अंगवळणी पडला होता. दर दुसऱ्या हाताला टोपी वळायची, चष्म्याची काच चमकायची आणि परत पाण्यात जायची. किनाऱ्यावरच्या शेवटच्या हॉटेलात कुणीतरी गॅलरीत चादर झटकत होतं.

त्याच वेळी रोइंग क्लबची एक नाव उघड्या पाण्यातून आत येत होती. लांब, सडपातळ, दोघांची. या नावेत बसणाऱ्यांची पाठ पुढे असते आणि तोंड मागे. ते ज्या दिशेला जातात ती त्यांना दिसत नाही. म्हणून टोकाकडे बसलेल्याने दर काही हातांनी मान वळवून बघायचं, असा शिरस्ता आहे. शिवाय पोहणाऱ्यांचं पाणी तरंगत्या लाल गोळ्यांच्या रांगेने आखलेलं असतं, आणि सकाळी साडेसातपर्यंत नावांनी त्या रांगेच्या आत यायचं नाही, असा नियम. नावेत कॉलेजच्या दोन मुली होत्या. फेरीबोटीची चाचणी चालू होती, तिच्या लाटा चुकवायला त्या रांगेच्या आत शिरल्या आणि आत शिरल्यावर वेग धरला. सपाट पाणी मिळालं की वेग धरावासा वाटतोच.

मेहुणीने श्वास घ्यायला तोंड वळवलं तेव्हा तिला भावोजींचा गुडघा दिसला, वल्हं दिसलं, आणि भावोजींच्या पलीकडे एक पांढरं टोक दिसलं. पुढच्या श्वासाला ते टोक मोठं झालं होतं. ती थांबली, हात वर केला आणि ओरडली. तोंडात पाणी होतं, त्यामुळे जे बाहेर पडलं त्याला शब्द म्हणता येणार नव्हतं.

हात वर म्हणजे पाणी पाहिजे. त्यांच्यात तशी खूण ठरलेली होती. ड्रायव्हरनी वल्हं आडवं ठेवलं, खाली वाकून दोरीची बाटली काढली आणि नेमकी तिच्या हातापाशी टाकली.

“उजवीकडे,” मेहुणी म्हणाली. या वेळी नीट ऐकू आलं.

ते वळून बघेपर्यंत नावेचं टोक कयाकच्या शेपटीवर चढलं होतं. फार जोराचा धक्का नव्हता. कयाक एका कुशीवर झाली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि उलटली. ड्रायव्हर पाण्यात. लाइफ जॅकेटने त्यांना लगेच वर काढलं. डोक्यावरची टोपी गेली होती आणि चष्म्याची दोरी गळ्यात अडकली होती. नावेतल्या मुली एकाच वेळी माफी मागत होत्या आणि वल्ही सावरत होत्या. मेहुणी चार हातांत त्यांच्यापर्यंत आली.

“लागलं?”

“नाही.”

“नक्की?”

“बाटली धर. वाहत चाललीय.”

कुणालाच काही लागलं नव्हतं. कयाक सरळ केली, किनाऱ्याला ओढली. आरसा तेवढा तुटून तळाला गेला.

धक्क्यावर ड्रायव्हर अंगाभोवती कोरडा पंचा घेऊन बाकावर बसले. मेहुणी कपडे बदलून आली. तिच्या हातात शेडमधल्या यंत्रातल्या चहाचे दोन पेले होते. ती त्यांच्या उजवीकडून आली, बाजूला उभी राहिली आणि एक पेला त्यांच्यासमोर नाही, तर उजव्या गालाच्या रेषेत धरला. काही बोलली नाही. पेल्यातून वाफ येत होती. ड्रायव्हर तलावाकडे बघत राहिले. चहा चार बोटांवर होता आणि त्यांनी हात पुढे केला नाही.

मग ती पेला तसाच धरून हळूहळू पुढे सरकली. नाकाच्या बरोबर समोर येण्याच्या जरा आधी ड्रायव्हर दचकले.

“कधी आलीस?”

“मघाशीच,” मेहुणी म्हणाली. “कधीपासून आहे हे?”

ड्रायव्हरनी चहा घेतला. “हिवाळ्यापासून.”

“मला बाजू बदलायला लावलीत.”

“हो.”

“वाऱ्यासाठी.”

“वाराही असतो.”

ती त्यांच्या शेजारी बसली. आधी उजवीकडे बसली, मग उठून डावीकडे गेली आणि चहा प्यायली.

तेवढ्यात सुरक्षेच्या बाई आल्या. गळ्यात शिट्टी, पायांत रबरी बूट. दोघी मुलींना त्यांनी धक्क्यावर उभं केलं होतं. मुलींनी काहीच नाकारलं नाही. रांगेच्या आत आलो, मान वळवून बघितलं नाही, चूक आमची. इतक्या सरळ कबुलीची बाईंना सवय नसावी, कारण त्यांचा आवाज आणखी चढला.

“उद्यापासून तुमच्या क्लबची एकही नाव या टोकाला येणार नाही. हंगाम संपेपर्यंत.”

मुलींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पुढच्या महिन्यात दोघींची निवड चाचणी होती आणि सकाळचं सपाट पाणी तलावाच्या याच टोकाला मिळतं.

“ड्रायव्हर, तुम्ही ठीक ना?” बाईंनी विचारलं. “तुमच्याबद्दल काही प्रश्नच नाही. तुम्ही तर डोळ्यांत तेल घालून बसणारे.”

मेहुणीने पेल्यात बघितलं. ती बोलणार नव्हती. ड्रायव्हरना हे न बघताही कळलं. ती आज बोलणार नाही, उद्याही बोलणार नाही, फक्त पुन्हा त्यांच्याबरोबर पाण्यात उतरणार नाही, आणि विचारलं तर पाठ दुखते म्हणेल. बाकी सगळे सोबतीला मागतच राहतील. कयाक राहील. समोर दोन मुली उभ्या होत्या आणि आपण पूर्ण दोषी आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“बाई,” ड्रायव्हर म्हणाले, “मला नाव दिसली नाही.”

“दिसणार कशी? या रांगेच्या आत घुसल्या...”

“घुसल्या, ते खरं. पण कुणी घुसलं तर शिट्टी वाजवायला मला बसवलंय. शिट्टी वाजवायला भरपूर वेळ होता. मला उजवीकडचं दिसत नाही.”

“उजवीकडचं म्हणजे?”

“या डोळ्याच्या कडेचं. काचबिंदू आहे.”

बाईंनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग त्यांनी विचारलं, “कुणाला माहीत होतं?”

“मला.”

“आणि मला,” मेहुणी म्हणाली. “पण आत्ताच. चहा पिता पिता.”

बाईंनी मुलींना जायला सांगितलं. नंतर त्यांची बंदी हंगामाऐवजी एका आठवड्याची झाली. ड्रायव्हरशी त्या फार बोलल्या नाहीत. लाइफ जॅकेट वाळत घाला म्हणाल्या. नेहमी असं म्हणताना त्या ‘उद्यासाठी’ हा शब्द जोडतात. तो या वेळी जोडला नाही.

घरी जाताना दोघं बसने गेले. बस चालवणारा मुलगा ड्रायव्हरच्या हाताखाली शिकलेला. त्याने आरशातून नमस्कार केला. ड्रायव्हरनी मान हलवली. मेहुणी खिडकीशी बसली होती.

“दोन महिने माझी मान दुखली,” ती म्हणाली.

“हो.”

“तेव्हा सांगायचं होतं.”

“तेव्हा सांगितलं असतं तर बाजू बदलावी लागली नसती. माणूस बदलावा लागला असता.”

“मग बदलला असता.”

दोन स्टॉप गेले.

“मी डोळे मिटून तुमच्या बरोबरीने येते,” मेहुणी म्हणाली. “एकाने तरी उघडे ठेवायचे ना.”

घरी बायको इस्त्री करत होती. ओले कपडे बघून तिने विचारलं, “पडलात?”

“पाडलं.”

मेहुणीने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं ताईला धक्का बसेल. ताईने इस्त्री उभी ठेवली आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

“थेंबांचं मला माहीत आहे. पान्ह्यांच्या डब्यात ठेवतात. रात्री नळ दुरुस्त करायला जातात, आमचा नळ कधीपासून ठीक आहे.”

“तुला माहीत होतं? आणि तू मला बोलली नाहीस?”

“मला वाटलं तुला सांगितलं असेल. मेहुणीला सगळं आधी कळतं ना.” मग तिने नवऱ्याकडे बघितलं. “मला बोटीचं डोक्यातच आलं नाही. पाण्यात ट्रॅफिक कुठलं, असं तुम्हीच म्हणायचात.”

“हिने म्हटलं होतं ते,” ड्रायव्हर म्हणाले.

“बरं. थेंब आता खिडकीत ठेवा. डब्याला तेल लागलेलं असतं.”

पुढचे काही दिवस ते घरी राहिले. सकाळी पाचला जाग यायची आणि करण्यासारखं काही नसायचं. भाजी चिरणाऱ्या बायकोच्या मागे ते दोनदा जाऊन उभे राहिले. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “पुढे वळण आहे, मला माहीत आहे. तुम्ही बाहेर जाऊन या.”

मग बाईंचा फोन आला. धक्क्यावर एक फळा आहे, त्यावर खिळे ठोकलेले. पाण्यात उतरणारा प्रत्येक जण आपला लाकडी बिल्ला खिळ्याला अडकवून जातो आणि परत आला की काढून घेतो. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस अजून पाण्यात आहे. पद्धत चोख आहे, फक्त लोक बाहेर आल्यावर बिल्ला काढायला विसरतात, घरी जाऊन नाश्ता करतात, आणि इकडे बाई मोटरबोट घेऊन त्यांना तलावभर शोधतात. या वर्षात असं अनेकदा झालं होतं. फळ्याजवळ कोणीतरी कायम पाहिजे होतं.

“म्हणजे तिकिटं तपासायची,” ड्रायव्हर म्हणाले.

“तसं समजा.”

“मी ड्रायव्हर होतो, बाई. कंडक्टर नाही.”

त्यांनी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. हे बायकोने ऐकलं. दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. आरपारची सोबत दातांची डॉक्टर करणार असं ठरल्याचं तिने सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टर जरा जवळून वल्हवत होती, म्हणाली. वल्ह्याचं पाणी तोंडावर उडत होतं.

“किती जवळ?” ड्रायव्हरनी विचारलं.

“इथून त्या दारापर्यंत.”

“फार जवळ. दीड कयाकभर अंतर तरी पाहिजे.”

“मग येऊन सांगा तिला. मी पाण्यात असते, मला बोलता येत नाही.”

ते दोन दिवसांनी गेले. डॉक्टरला अंतराचं सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या तोंडात वाकून काम करायची सवय आहे, लांब राहणं जमत नाही, पण बघते. मग ते परत फिरायच्या ऐवजी फळ्याजवळच्या स्टुलावर बसले, कारण फळ्यावर सहा बिल्ले होते आणि धक्क्यावर परतलेली माणसं दोन. राहिलेली चार कुठे आहेत, हे कळल्याशिवाय त्यांना उठवेना. चौघं आली. एक जण बिल्ला न काढताच निघाला होता. ड्रायव्हरनी त्याला नावाने हाक मारली नाही, नुसतं ‘तिकीट’ म्हणाले. तो परत आला आणि बिल्ला काढून घेतला. बाई शेडच्या दारातून हे बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, आणि ड्रायव्हरनीही होय म्हटलं नाही. तेव्हापासून ते तिथे आहेत.

स्टूल त्यांनी फळ्याच्या उजवीकडे हलवून घेतलं आहे. तिथे बसलं की फळा, धक्का आणि तलाव तिन्ही डाव्या बाजूला येतात. पोहणाऱ्यांनी दोन दिवस त्यांना कंडक्टर म्हटलंही, पण ते नाव टिकलं नाही. पिवळी कयाक दुसरं कोणी बाहेर काढत असतं, तेव्हा ते शेडच्या आत जात नाहीत.

दातांच्या डॉक्टरने मेहुणीला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुठल्या बाजूने येऊ? तुम्ही मूळच्या डावीकडच्या ना, परत डावीकडे घेऊ या. मेहुणीने जरा विचार केला. म्हणाली, नको, उजवीकडूनच या. आता मान तिकडेच वळते.

आरपारला चार दिवस राहिले आहेत. उद्या सकाळी साडेसहाला मेहुणी शेवटचा लांब सराव करायला उतरेल, किनाऱ्याने त्या शेवटच्या हॉटेलापर्यंत जाऊन परत येईल. कयाक तिच्या उजवीकडे असेल आणि तिच्यात दातांची डॉक्टर असेल. पहिली फेरीबोट सात चाळीसला धक्क्याला लागते. तोपर्यंत फळ्यावर एकही बिल्ला राहिलेला नसला पाहिजे आणि राहिला असेल तर तो कुणाचा हे सांगता आलं पाहिजे. ते काम ड्रायव्हरचं आहे.